डायोड रक्षण करतो म्हणजे नेमके काय करतो?

प्रास्ताविक

सिल्वासाच्या आसपास पिपरिया, मसाट, रखोली या भागांत कारखान्यांची दाट वस्ती आहे. तेथे देखभाल विभागात मदतनीस म्हणून काम करणाऱ्या काही मुलांना मी संध्याकाळी विजेचे प्राथमिक पाठ शिकवतो. यांतील बरीच मुले खानवेल आणि दुधनीकडच्या गावांतून येतात. त्यांच्या घरी वारली किंवा कोकणा बोलली जाते, शिक्षण मराठी शाळेत झालेले असते, कारखान्यात हिंदी आणि गुजराती कानावर पडते आणि यंत्रावरच्या पाट्या इंग्रजीत असतात. विज्ञानाचा विचार मात्र ती मराठीतच करतात, कारण विज्ञान ती मराठीत शिकली आहेत. म्हणून मी पाठ मराठीत देतो.

हा लेख डायोडविषयी आहे. तो लिहिण्याचे कारण माझ्याच एका विद्यार्थ्याची चूक आणि त्या चुकीत असलेला माझा वाटा.

हा मुलगा एका कारखान्यात दुरुस्तीच्या टेबलावर बसू लागला होता. नियंत्रण कार्डावरच्या रिलेजवळचा जळालेला डायोड काढून त्याने नवा बसवला. वीज सुरू केली, रिलेला चालू होण्याचा इशारा मिळाला आणि त्याच क्षणी कार्डावरचा ट्रान्झिस्टर जळाला. यंत्र अर्धा दिवस बंद राहिले आणि मुलाची रवानगी पॅकिंगला झाली. संध्याकाळी त्याने मला कार्ड दाखवले. डायोड उलटा बसला होता. मी विचारले, ‘असा का लावलास?’ तो म्हणाला, ‘सर, धनाग्र धनालाच जोडलं होतं. तुम्हीच तर शब्द फोडून सांगितला होता.’

त्याचे म्हणणे खरे होते. पारिभाषिक शब्द फोडून अर्थ सांगण्याची मला सवय आहे आणि बहुतेक वेळा तिचा उपयोग होतो. येथे मात्र त्या फोडीनेच त्याला फसवले. शब्दाचा अर्थ कोठपर्यंत खरा असतो हे मी सांगितले नव्हते. ‘डायोड परिपथाचे रक्षण करतो’ हे वाक्य मी फळ्यावर लिहिले होते, पण रक्षण करतो म्हणजे कोणती क्रिया करतो हे सांगितले नव्हते. या दोन उणिवा भरून काढण्याचा हा प्रयत्न आहे.

१. नावांची हकीकत

‘अॅनोड’ आणि ‘कॅथोड’ हे शब्द मायकेल फॅरेडे याने १८३४ मध्ये विल्यम ह्यूएल या विद्वानाच्या सल्ल्याने रूढ केले. दोन्ही ग्रीक आहेत. ‘होडोस’ म्हणजे वाट. अॅनोड ही वर जाणारी वाट आणि कॅथोड ही खाली उतरणारी वाट. फॅरेडेला फक्त दिशा सांगायची होती. विद्युतधारा ज्या टोकाने पदार्थात शिरते ते एक टोक आणि जेथून बाहेर पडते ते दुसरे. धन आणि ऋण हे शब्द त्याने मुद्दाम टाळले होते.

मराठीत आपण धनाग्र आणि ऋणाग्र हे शब्द स्वीकारले. विद्युत अपघटनाच्या प्रयोगात ते अचूक बसतात, कारण तेथे अॅनोड बॅटरीच्या धन टोकाला जोडलेला असतो. पण रसायनशास्त्राचे शिक्षक जाणतात, की वीज पुरवणाऱ्या विद्युतघटात हीच खूण उलटते आणि तेथे अॅनोड ऋण असतो. म्हणजे ‘धन’ हा अॅनोडचा कायमचा गुण नाही. एका विशिष्ट जोडणीत तो खरा ठरतो, एवढेच.

‘डायोड’ हा शब्द त्यानंतरचा. जॉन अॅम्ब्रोज फ्लेमिंग याने १९०४ मध्ये निर्वात नळीचा पहिला डायोड केला, तेव्हा तिला ‘झडप’ या अर्थाचा इंग्रजी शब्द मिळाला. त्याच वर्षी जगदीशचंद्र बोस यांना गॅलेना या शिशाच्या खनिजापासून केलेल्या स्फटिक शोधकाचे अमेरिकी पेटंट मिळाले. अर्धवाहकाचा असा वापर करणारे ते आरंभीचे शास्त्रज्ञ होते. पुढे १९१९ मध्ये विल्यम एकल्स याने दोन अग्रांचा म्हणून ‘डायोड’ हे नाव दिले. आपल्या जुन्या विज्ञानलेखनात त्यासाठी ‘द्विप्रस्थ’ असा शब्द आढळतो. शब्द घडीव आहे, पण सिल्वासाच्या बाजारात द्विप्रस्थ मागितला तर दुकानदार तोंडाकडे पाहत राहील. तेथे डायोडच म्हणावे लागते आणि म्हणून मीही डायोडच म्हणतो. धनाग्र आणि ऋणाग्र हे शब्द मी टाकलेले नाहीत. आता त्यांची व्याख्या मात्र अशी देतो : धनाग्र म्हणजे ज्या टोकातून धारा आत शिरू शकते ते टोक, आणि ऋणाग्र म्हणजे ज्यातून ती बाहेर पडू शकते ते टोक. ‘शकते’ हा शब्द येथे महत्त्वाचा. डायोडच्या अंगावर जी रंगीत पट्टी असते, ती ऋणाग्राची खूण होय.

२. आत काय घडते

शुद्ध सिलिकॉन वीज फारशी वाहू देत नाही. त्यात फॉस्फरसचे थोडे अणू मिसळले, तर मोकळे इलेक्ट्रॉन वाढतात. बोरॉनचे मिसळले, तर इलेक्ट्रॉनांसाठी रिकाम्या जागा तयार होतात. पहिल्या प्रकाराला एन आणि दुसऱ्याला पी म्हणतात. एकाच स्फटिकात दोन्ही प्रकार शेजारी आले, की सीमेवरचे इलेक्ट्रॉन पलीकडच्या रिकाम्या जागा भरतात आणि मध्ये एक पातळ पट्टा उरतो. त्या पट्ट्यात वाहून नेणारे कोणीच शिल्लक नसते.

पी बाजूला धन आणि एन बाजूला ऋण टोक जोडले, तर हा पट्टा आकसतो. विभवांतर सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्ट झाले, की धारा मुक्तपणे वाहू लागते. ही सुलट जोडणी. टोकांची अदलाबदल केली, तर पट्टा रुंदावतो आणि धारा जवळजवळ थांबते. ही उलट जोडणी. मात्र उलट दाब सोसण्यालाही मर्यादा असते. बाजारात सहज मिळणारा १एन४००७ हा डायोड सुलट दिशेने १ अँपिअर धारा वाहतो आणि उलट दिशेने १,००० व्होल्टपर्यंत दाब सोसतो.

ज्या घरी विहिरीवर पंप आहे, तेथील मुलांना मी फूटव्हॉल्व्हची आठवण देतो. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तळाशी असलेली ही झडप पाणी वर जाऊ देते, खाली येऊ देत नाही. झडप उघडायला पाण्याचा थोडा जोर खर्च होतो, तसेच डायोडमध्ये ०.७ व्होल्ट खर्च होतात.

३. रक्षणाच्या चार क्रिया

पुस्तके ‘संरक्षक डायोड’ असा एकच शब्द वापरतात. प्रत्यक्षात डायोड चार वेगळ्या क्रिया करतो आणि प्रत्येक क्रियेला मराठीत स्वतंत्र क्रियापद आहे. ते सापडले, की डायोड कोठे आणि कोणत्या तोंडाने लावायचा हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

(अ) अडवणे. बॅटरी उलटी जोडली गेली, तर आतले नाजूक भाग जळू नयेत म्हणून धन तारेच्या वाटेवरच डायोड घालतात. येथे धनाग्र पुरवठ्याच्या धन टोकाकडे असते आणि शब्दाची फोड खरी ठरते. जोडणी उलटी झाली, की डायोड धारा अडवतो. उपकरण चालत नाही, पण जळतही नाही.

याची किंमत म्हणजे वाया जाणारे ०.७ व्होल्ट. १ अँपिअर धारा वाहत असेल, तर ०.७ वॉट उष्णता डायोडमध्येच निर्माण होते. ५ व्होल्टवर चालणाऱ्या उपकरणाला ही तूट जाणवते. तेथे वाल्टर शॉट्की या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाचा शॉट्की डायोड वापरतात. त्यात दोन अर्धवाहकांच्या ऐवजी धातू आणि अर्धवाहक यांचा सांधा असतो. कमी धारेला तो साधारण ०.२ ते ०.४ व्होल्टच खातो. मात्र उलट दिशेने त्यातून गळती अधिक होते आणि त्याची दाब सोसण्याची ताकद कमी असते.

चार डायोडांचा पूल हा याच क्रियेचा विस्तार आहे. घरच्या २३० व्होल्ट विजेची दिशा सेकंदाला ५० आवर्तने या गतीने पालटत असते. ट्रान्सफॉर्मरने दाब उतरवल्यावर हा पूल दोन्ही दिशांची धारा एकाच दिशेला वळवून देतो. कोणत्याही क्षणी दोन डायोड वाहत असतात, म्हणून येथे सुमारे १.४ व्होल्ट खर्च होतात.

(आ) वाट देणे. माझ्या विद्यार्थ्याचे कार्ड येथे जळाले, म्हणून हा भाग सविस्तर पाहू.

रिलेच्या आत तारेचे वेटोळे असते. समजा, ते १२ व्होल्टवर चालते आणि त्याचा रोध ४०० ओहम आहे. मग त्यातून १२ भागिले ४००, म्हणजे ०.०३ अँपिअर किंवा ३० मिलिअँपिअर धारा वाहते. या धारेमुळे वेटोळ्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि त्यात ऊर्जा साठते. ट्रान्झिस्टरने धारा एकाएकी तोडली, तर ती ऊर्जा जाणार कोठे? वाहती धारा तशीच चालू ठेवण्याचा वेटोळ्याचा स्वभाव असतो. वाट मिळाली नाही, तर ते आपल्या टोकांत दाब वाढवत नेते. धारा जितकी झटकन तुटते, तितका हा दाब मोठा. तो सहज शेकडो व्होल्टपर्यंत चढू शकतो. बीसी५४७ सारखा नेहमीचा ट्रान्झिस्टर ४५ व्होल्टच सोसतो. वाहत्या पाण्याचा नळ झटकन बंद केला, की पाइपात दणका बसतो. हा तसाच दणका आहे.

उपाय सोपा आहे. वेटोळ्याच्या दोन टोकांना समांतर असा एक डायोड लावायचा, त्याची पट्टी म्हणजे ऋणाग्र १२ व्होल्टच्या धन बाजूला आणि धनाग्र ट्रान्झिस्टरच्या बाजूला. रिले चालू असताना हा डायोड उलट जोडणीत असतो, काहीच करत नाही. धारा तुटली, की वेटोळ्याचे ट्रान्झिस्टरकडचे टोक धन बाजूपेक्षाही वर चढू लागते. आता डायोड सुलट होतो आणि वेटोळ्यातली धारा डायोडमधून वळून वेटोळ्यातच फिरत राहते. तिची ऊर्जा तारेच्या रोधात उष्णता होऊन विरते. ट्रान्झिस्टरवर सुमारे १२.७ व्होल्टच येतात.

माझ्या विद्यार्थ्याने धनाग्र धन बाजूला लावले होते. त्यामुळे ट्रान्झिस्टर चालू होताच धारेला वेटोळे टाळून डायोडमधून जाण्याची उघडी वाट मिळाली. ३० मिलिअँपिअरच्या जागी पुरवठा देईल तेवढी धारा ट्रान्झिस्टरमधून गेली. बीसी५४७ ची मर्यादा १०० मिलिअँपिअर आहे. मग तो टिकणार कसा?

या डायोडमुळे रिले सुटायला किंचित उशीर होतो, कारण धारा सावकाश विरते. जेथे रिले झटपट सुटायला हवा, तेथे डायोडशी एकसरीत, पण उलट तोंडाने, एक झेनर जोडतात. मग दाब थोडा चढू दिला जातो आणि ऊर्जा लवकर संपते.

(इ) सांडवणे. दाब ठरावीक पातळीवर चढला, की जास्तीचे बाहेर काढून द्यायचे, ही तिसरी क्रिया. सिल्वासाजवळ दमणगंगेवर मधुबन धरण आहे. पूर आला, की तेथे माणसे दरवाजे उघडतात. गावच्या तलावाला असे दरवाजे नसतात, तेथे काठ एके ठिकाणी ठरावीक उंचीचा ठेवलेला असतो. पाणी तेथवर आले, की आपोआप बाहेर पडते. या सांडव्यासारखा असतो क्लॅरेन्स झेनर या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या नावाचा झेनर डायोड.

साधा डायोड उलट दिशेने मर्यादेपलीकडे ताणला, तर बहुधा जळतो. झेनर मात्र ठरावीक उलट दाबावर वाहण्यासाठीच घडवलेला असतो. म्हणून तो उलट लावतात, पट्टी धन बाजूला. समजा, ९ व्होल्टच्या पुरवठ्यावर ५.१ व्होल्टचा झेनर २२० ओहम रोधकातून जोडला. रोधकावर ३.९ व्होल्ट पडतात आणि त्यातून सुमारे १७.७ मिलिअँपिअर धारा येते. उपकरणाला १० मिलिअँपिअर लागत असेल, तर उरलेली ७.७ झेनर सांडून देतो. उपकरण काढून टाकले, तर सारी १७.७ झेनरमधून जाते आणि त्यात सुमारे ९० मिलिवॉट उष्णता होते. रोधक विसरला, तर सांडव्यावर सारी नदीच येते आणि झेनर जळतो.

क्षणिक झटक्यांसाठी याच जातीचा, पण मोठा लोंढा क्षणभर झेलणारा डायोड मिळतो. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून टीव्हीएस म्हणतात. मोबाइलच्या चार्जिंगच्या तोंडाशी, कोरड्या हवेत बोटातून उडणाऱ्या ठिणगीपासून रक्षण करायला तो असतो. कारखान्यात लांब तारांवरून येणाऱ्या झटक्यांसाठीही तो वापरतात. घराच्या वीजजोडणीवर बसवतात तो गोल चकतीसारखा व्हॅरिस्टर मात्र डायोड नव्हे. त्याचा रोध दाबानुसार बदलतो. काम सांडव्याचेच, पण त्याला उलट-सुलट तोंड नसते.

(ई) वळसा देणे. सौर पॅनेलमध्ये अनेक घट एकामागून एक जोडलेले असतात. ६० घटांच्या नेहमीच्या पॅनेलमध्ये २० घटांचे तीन गट करून प्रत्येक गटाला एक डायोड समांतर लावतात. समजा, आंब्याची फांदी एका घटावर सावली धरते आहे. तो घट धारा देऊ शकत नाही, पण इतर घट त्यातून धारा ढकलत राहतात. तो तापतो आणि पॅनेलवर डाग पडू शकतो. डायोड असला, तर धारा सावलीतल्या गटाला वळसा घालून पुढे जाते. पॅनेलचा तिसरा भाग वाया जातो, पण घट वाचतो. रात्री बॅटरीतली वीज पॅनेलकडे परत जाऊ नये म्हणून लावलेला डायोड मात्र पहिल्या, अडवण्याच्या क्रियेतला. एकाच पॅनेलवर दोन डायोड, दोन क्रियापदे.

चारही क्रिया शेजारी ठेवल्या, की एक गोष्ट लक्षात येते. अडवणाऱ्या डायोडमधून रोजची धारा वाहते. इतर तिन्ही प्रकारांत उपकरण नीट चालू असताना डायोडची पट्टी अधिक दाबाच्या बाजूला असते. वाट देणारा आणि वळसा देणारा डायोड तेव्हा उलट जोडणीत गप्प बसून प्रसंगाची वाट पाहतो, झेनर तर उलट राहूनच काम करतो. तेथे ‘धनाग्र धनाला’ हा नियम लावला, की घात होतो.

४. डायोड काय करत नाही

एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिले होते, ‘जास्त धारा आल्यास डायोड परिपथ तोडतो.’ हे काम फ्यूज किंवा एमसीबीचे. डायोड दिशा आणि दाब पाहतो. धारा मर्यादेबाहेर गेली, तर तो स्वतःच जळतो. जळताना तो पुष्कळदा आतून जुळून जातो आणि दोन्ही दिशांनी वाहू लागतो. म्हणूनच संरक्षक डायोडच्या आधी फ्यूज हवा. सांडवणारा डायोड जुळून गेला, की धारा वाढते आणि फ्यूज तुटतो. दोघे मिळून उपकरण वाचवतात.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. डायोड माणसाला विजेच्या धक्क्यापासून वाचवत नाही. ते काम भूयोजनाचे आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडणाऱ्या आरसीसीबीचे. ‘संरक्षक’ हा शब्द ऐकून कार्डाला बिनधास्त हात लावणारी मुले मी पाहिली आहेत. कोणाचे रक्षण, हे प्रत्येक वेळी सांगितलेच पाहिजे.

५. शिक्षकांसाठी

वर्गात मी आता असा क्रम ठेवतो. प्रथम एक एलईडी आणि बॅटरी, मध्ये ४७० ओहमचा रोधक. एलईडी हाही डायोडच. सुलट लावला तर उजळतो, उलट लावला तर नाही, म्हणून दिशा डोळ्यांना दिसते. त्याचा उलट दाब सोसण्याचा आकडा जेमतेम ५ व्होल्ट आहे, म्हणून ९ व्होल्टची बॅटरी येथे वापरू नये. दोन पेन्सिल सेल पुरतात, आणि त्यासाठी लाल एलईडी घ्यावा. मग रिले आणि डायोड. पहिल्यांदा वीज देताना पुरवठ्याशी एकसरीत १२ व्होल्टचा लहान दिवा लावायला सांगतो. डायोड उलटा बसला असेल, तर ट्रान्झिस्टर चालू होताच दिवा लागायला पाहतो आणि रिले ओढत नाही. दिव्याचा रोध धारा बांधून ठेवतो. मात्र ही धारा ट्रान्झिस्टरला झेपेल एवढाच दिवा घ्यावा, १ वॉटपेक्षा मोठा नको. चूक कळते आणि भाग वाचतो.

प्रत्येक आकृतीखाली मुलांनी एक वाक्य लिहायचे, ‘हा डायोड … तो’. रिकाम्या जागी अडवतो, वाट देतो, सांडवतो किंवा वळसा देतो यांपैकी एक क्रियापद. क्रियापद लिहिल्याशिवाय पट्टीचे तोंड काढायचे नाही.

सरावासाठी प्रश्न

१. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या फवारणी पंपात वाटेवर साधा डायोड घातला आणि धारा २ अँपिअर असेल, तर डायोडमध्ये किती उष्णता निर्माण होईल? येथे शॉट्की डायोड का बरा?

२. रिलेच्या वेटोळ्याला समांतर असलेला डायोड काढून टाकला, तर रिले चालेल का? काय आणि केव्हा बिघडेल?

३. ५.१ व्होल्टचा झेनर चुकून सुलट लावला, तर उपकरणाला साधारण किती व्होल्ट मिळतील?

४. ‘धनाग्र’ या शब्दाला विद्युत अपघटन आणि डायोड या दोन्ही ठिकाणी लागू पडेल अशी व्याख्या लिहा.

समारोप

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सुमारे ०.७ व्होल्ट आहे. ते त्या मुलाने वर्गात सर्वांच्या आधी दिले. तो अजून पॅकिंगलाच आहे. पण जळालेल्या कार्डावर त्याने स्वतःच्या पैशांनी नवा ट्रान्झिस्टर घातला, डायोड फिरवला आणि ते चालू करून पर्यवेक्षकांच्या टेबलावर ठेवले. कार्डासोबत एक चिठ्ठी होती. तिच्यात एवढेच लिहिले होते : ‘हा डायोड वाट देतो. पट्टी धनाकडे.’